रोहिणीचे पाणी आणि अणुबॉम्ब



१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे पहिला अणुस्फोट केला. त्याचे प्लुटोनियम आपल्याच महाराष्ट्रातील तुर्भ्याच्या 'सायरस' अणुभट्टीतले. या चाचणीला 'हसरा बुद्ध' हे नाव पडले. शस्त्राला तथागतांचे नाव का, असे मुलांनी विचारले तर काय सांगाल?

उत्तर बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आहे. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचे भांडण झाले. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने सुचविले : दोघे आमचे, दोघे त्यांचे, चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. सूचना फेटाळली गेली. सिद्धार्थाने युद्ध नाकारून परिव्रज्या पत्करली. तापीकाठच्या आपल्याला पाण्याचे मोल सांगायला नको.

धम्म म्हणजे दुबळेपणा नव्हे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे बाबासाहेब सांगतात. पण ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, कारण भरवशाचे मित्र नाहीत, हेही त्यांनीच १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात बजावले.

१९७० साली अण्वस्त्रप्रसारबंदी करार अमलात आला. पाच राष्ट्रांना बॉम्बची मुभा, इतरांना बंदी. हा भेदभाव म्हणून भारताने सही केली नाही. उच्चनीचता आपण ओळखतो. मात्र घरोघरी बॉम्ब वाटून समता येत नाही. सर्वांनी ते टाकले तरच येते.

विचार करा : आपल्या वस्तीतल्या भांडणात 'पाचवा' कोण?

जय भीम!