भोवळ आणि कानातील तोल

अंथरुणात कूस बदलली किंवा फडताळावरची बरणी काढण्यासाठी मान वर केली, की काही जणांना सारे घर गरगर फिरताना भासते. अशक्तपणा किंवा पित्त समजून ते निमूटपणे सोसतात. या विकाराचे मूळ मात्र अनेकदा कानात असते.

आपल्या आंतरकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरले की हा द्रव हलतो आणि मेंदूला त्याची वर्दी मिळते. नलिकांशेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते सुटून नलिकेत शिरले, तर डोके स्थिर झाल्यावरही द्रव हलत राहतो. मेंदूची फसगत होते आणि भोवळ येते. ती बहुधा मिनिटभरात ओसरते.

कान व डोळे यांच्या या नात्याचा अभ्यास रॉबर्ट बारानी यांनी केला. कानात गार पाणी सोडल्यास डोळे एका दिशेने झटके देतात, कोमट पाण्याने उलट दिशेने, हे त्यांनी दाखवले. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही चाचणी प्रत्येक कानाची कार्यक्षमता सांगते. स्थितिजन्य भोवळ ओळखण्याची चाचणी मात्र मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडली.

या चाचणीत डॉक्टर रुग्णाचे डोके ४५ अंश एका बाजूस वळवून त्याला चटकन उताणे निजवतात. डोके किंचित खाली झुकलेले असते. काही क्षणांनी भोवळ येऊन डोळे विशिष्ट रीतीने थरथरले, तर सामान्यतः खालच्या बाजूच्या कानात दोष आहे असे समजते. क्ष-किरण चित्रात न दिसणारे स्फटिक डोळ्यांच्या हालचालीतून असे उघड होतात! मग डोके ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक स्वस्थानी आणता येतात. ही चाचणी घरी करू नये. मानेचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. भोवळीबरोबर बोलणे अडखळले, हातपाय लुळे पडले किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

शब्दार्थ
आंतरकर्ण – कानाचा सर्वांत आतील भाग
वर्दी – सूचना, खबर
स्थितिजन्य – शरीराच्या विशिष्ट स्थितीमुळे होणारे

प्रश्न
१. मेंदूची फसगत कशी होते?
२. डॉक्टर रुग्णाच्या डोळ्यांचे निरीक्षण का करतात?
३. भोवळ आलेल्या शेजाऱ्याला तुम्ही कोणता सल्ला द्याल? पाच वाक्ये लिहा.