सुट्या भागांचं समानव अंतराळयान: काय करावे, काय टाळावे

काय करावे

• परतीची कुपी आधी पक्की करा. माणसं जमिनीवर उतरवणारा हा भाग शक्यतो प्रत्येक मोहिमेत तोच राहावा. इंधन, सौरपट्ट्या, राहायची जागा मोहिमेप्रमाणे बदलू द्या.

• परत आणायची गरज नाही ते सगळं कुपीबाहेर ठेवा. रशियाच्या सोयुझ यानात शौचालय आणि जोडणीची यंत्रणा पुढच्या गोल कक्षात असते. परतताना तो कक्ष सुटून वातावरणात जळून जातो. कुपीत वाढलेला एकेक किलो कवचावर, पॅराशूटवर, जमीन गाठताना पेटणाऱ्या छोट्या रॉकेटांवर भार टाकतो. कामाची वाटणी इतकी स्वच्छ असल्यानेच पुढचा कक्ष वगळून चंद्राला वळसा घालणारं झोंड यान निघालं आणि कुपीच्या जागी इंधनाच्या टाक्या बसवून १९७८पासून मालवाहू प्रोग्रेस. १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेही याच घराण्यातल्या सोयुझ टी-११ मधून.

• कुपीचा आकार तोच ठेवा, पण कवच मोहीम पाहून ठरवा. पृथ्वीजवळच्या कक्षेतून परतताना वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो, चंद्रावरून येताना ११. वेग १.४ पट, ऊर्जा मात्र दुप्पट.

• एका भागाचं सुटं सामान दुसऱ्यात बसलंच पाहिजे. १९७० मध्ये मुख्य यान बिघडल्यावर अपोलो १३ चे तिघे अंतराळवीर चांद्रयानाच्या आसऱ्याला गेले, तेव्हा कार्बन डायऑक्साइड शोषणारे मुख्य यानाचे डबे चौकोनी आणि चांद्रयानातले गोल निघाले. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, अंतराळपोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांवर तिघांचा श्वास टिकला.

काय टाळावे

• सांध्याला दुय्यम लेखू नका. ३० जून १९७१, सोयुझ ११. परतताना भाग सुटे करणारे स्फोटक बोल्ट एकामागून एक उडायला हवे होते, ते एकदम उडाले. त्या हादऱ्याने एक झडप उघडली. जमिनीजवळ आल्यावर बाहेरची हवा आत घेण्यासाठी ती होती. इथे बाहेर निर्वात पोकळी होती. दोब्रोव्होल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह तिघेही गेले.

• एक माणूस जास्त बसावा म्हणून दाबपोशाख वगळू नका. सोयुझ ११ मधल्या तिघांच्या अंगावर तो नव्हता. त्यानंतर १९८० पर्यंत सोयुझमधून पोशाख घातलेले दोघेच जात राहिले. हाच निर्णय आधी व्हायला हवा होता.

• जळून जाणाऱ्या भागात मोजमापाची साधनं कमी करू नका. २०२४ मध्ये स्टारलायनर यानाचे बिघडलेले थ्रस्टर सेवा कक्षात होते. तो कक्ष हाती परत येतच नाही. त्या थ्रस्टरची तपासणी यान अंतराळ स्थानकाला जोडलेलं असतानाच करावी लागली आणि कुपी अंतराळवीरांविना उतरवली गेली.

• पहिल्याच यानावर सगळ्या मोहिमांचं ओझं लादू नका. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर जायच्या गगनयानाला चंद्रावरून परतण्याचं कवच नको. स्थानकाला जोडायची जागा मात्र आराखड्यात पहिल्यापासून राखून ठेवावी.