घरी मोटार बांधावी काय? कारागिरांनी आधी करावयाचा हिशेब

पलूस आणि किर्लोस्करवाडीच्या परिसरात लेथ, वेल्डिंग, फिटिंग या कामांची ओळख नसलेले गाव सापडणे कठीण. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळावर कारखाना उभारला आणि तेथून लोखंडी नांगर बाहेर पडू लागले, तेव्हापासून या भागाचे लोखंडाशी नाते आहे. त्यामुळे गॅरेजमध्ये चार वर्षे काढलेल्या एखाद्या हुशार मुलाच्या मनात, "आपणच एक मोटार का बांधू नये?" असा विचार आला तर नवल नाही. हात आहेत, भंगारात भाग मिळतात, उस्तादही पाठीशी आहे. मग अडते कोठे?

पलूसजवळच कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे गावाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. तेथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर सुमारे 60 हजार रुपयांत जुन्या भागांतून लहानशी जीप तयार केली. ती दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होत असे. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी या गाडीचे जाहीर कौतुक केले. मात्र त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे आज ना उद्या अधिकारी तिला अडवतील, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांनी गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. बोलेरोची बातमी घरोघर पोचली. नियमांबद्दलचे वाक्य मात्र बहुतेकांनी कानाआड केले. आपल्या कामाचे तेच वाक्य आहे. बदल्यात बोलेरो मिळेल असे धरून कोणी हिशेब मांडू नये.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 39 प्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. नोंदणीसाठी विक्रीचा दाखला लागतो आणि वाहन रस्त्यावर चालविण्यास योग्य असल्याचा उत्पादकाचा दाखलाही लागतो. उत्पादकाला तो देता येण्यासाठी त्या नमुन्याची पुण्याची ए.आर.ए.आय. किंवा तत्सम मान्य संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. ब्रेक, दिवे, धूर, सगळे तपासले जाते. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे नियम भारत स्टेज 6 चे आहेत. भंगारातले इंजिन तेथे टिकणार नाही. ही सारी व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखानदारासाठी आखलेली आहे, अंगणात एक गाडी बांधणाऱ्यासाठी नाही.

इंग्लंडमध्ये गोष्ट निराळी आहे. तेथे 1957 पासून लोटस कंपनी 'सेव्हन' नावाची मोटार सुट्या भागांच्या संचातही विकत असे. तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोक घरी जोडून घेत. 1973 साली करपद्धती बदलली आणि ती सवलत गेली, पण हौस राहिली. आज तेथे घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला नोंदणी देण्याची सोय आहे. परदेशी मासिके पाहून बेत आखणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

आपल्याकडे 'जुगाड' गाड्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 2013 साली न्यायालयाने निर्णय दिला की जुगाड हेही मोटार वाहनच आहे आणि त्याला नोंदणी, विमा हे सर्व लागू आहे. विम्याचा मुद्दा दंडापेक्षा मोठा समजावा. दंड काही हजारांचा. पण बिनविम्याच्या गाडीखाली कोणी सापडला तर भरपाई मालकाच्या खिशातून, वेळ पडल्यास घरादारातून द्यावी लागते. नोंदणीच नाही, तर विमा कंपनी विमा उतरवणार कशाचा?

आता पैशाचा हिशेब. समजा, भागांना 60 हजार लागले. रोज दोन तास याप्रमाणे 300 दिवस काम केले, म्हणजे 600 तास. तासाला 100 रु. मजुरी धरली तरी आणखी 60 हजार. एक लाख वीस हजारांची ही वस्तू आर.सी. बुकाशिवाय गाडी म्हणून विकता येत नाही. घेणारा भंगाराचाच भाव देईल. तेवढ्याच रकमेत कागदपत्रे असलेली जुनी मोटार मिळू शकते. शिवाय भंगारातून इंजिन घेताना पावती घ्यावीच. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर पोलीस प्रथम आपल्याच दारात येतील.

कामातही काही गोष्टी फसव्या आहेत. मोटारसायकलचे इंजिन वाऱ्याने थंड होते. बॉनेटखाली कोंडले की तापते, त्याला पंखा हवा. त्याला बहुधा रिव्हर्स गिअर नसतो. एकसंध अॅक्सलवर दोन्ही मागची चाके बसवली तर वळणावर टायर घासत जातात, कारण बाहेरच्या चाकाला अधिक फिरावे लागते. त्यासाठी डिफरन्शियल हवे. या दृष्टीने रिक्षाचा सांगाडा अधिक सोयीचा. स्टिअरिंगच्या दांड्याला मात्र वेल्डिंगचा जोड कधीही देऊ नये. गाडी चालवून दाखवणे सोपे, थांबवून दाखवणे अवघड.

नमुना आणि धंदा यांतही अंतर असते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 साली छोट्या मोटारीचा पहिला नमुना केला आणि पुढे 1970 च्या दशकापर्यंत सुधारणा करीत 'मीरा' मोटार उभी केली. गाडी धावली, पण कारखाना निघाला नाही.

मग हुन्नर वाया घालवावा काय? मुळीच नाही. कलम 39 सार्वजनिक ठिकाणासाठी आहे, आणि केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनविलेले वाहन तर 'मोटार वाहन' या व्याख्येतच येत नाही. एम.आय.डी.सी.तील शेडमध्ये माल हलविणारी गाडी किंवा द्राक्षबागेत पेट्या वाहणारी छोटी ट्रॉली यांची गिऱ्हाईके शोधावीत. मात्र बागेतून डांबरी रस्त्यावर आलेली ट्रॉली पुन्हा कायद्यात सापडते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे आणि बिलावरही तसे लिहावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी 2007 पासून बाहा स्पर्धा भरते. तेथे मुले स्वतः बांधलेली गाडी बंदिस्त मैदानात चालवितात. अशा संघांना चेसिस जोडून देणारा चांगला वेल्डर नेहमीच हवा असतो.

शिवाय आपल्या बाजारात 'किट' म्हटले की सी.एन.जी.चे किट आधी आठवते. हा कायदेशीर किटचा धंदा आहे. किट मान्यताप्राप्त असावे, अधिकृत केंद्रात बसवावे आणि त्याची नोंद आर.सी. बुकात व्हावी. जुन्या गाड्यांत बसविण्याच्या विजेच्या किटलाही अशीच मान्यता लागते. ज्याला एवढे सारे वाचूनही रस्त्यासाठीच गाडी बांधावयाची आहे, त्याने पहिला पत्रा कापण्यापूर्वी सांगलीच्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे.