आधी आधार, मग अवजार

भाच्याजवळ एक जुनी मारुती 800 गाडी आहे. ही लहान गाडी आपल्या देशात 1983 साली आली. 2014 साली कारखान्याने ती बनवणे थांबवले. पण खेडोपाडी ती अजून धावताना दिसते. भाचा तिच्यातून भाजी बाजाराला नेतो. अडीअडचणीला गावातल्या आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवतो.

गेल्या महिन्यापासून गाडी चढाला ओढीना. इंजिन मोठ्याने ओरडे, पण गाडी जागची हलेना. जळका वास येई. भाच्याने ठरवले, क्लच घरीच बदलायचा. मजुरी वाचेल. त्याने मामांना बोलावले. मामांनी तीस वर्षे एस.टी.च्या आगारात मेकॅनिकचे काम केले होते.

भाचा म्हणाला, "मामा, शहरात पान्यांची एक पेटी बघितली. शंभरावर नग हायेत. नुसती चकाकतीया! तीच घेतो."

मामांनी विचारले, "आणि गाडी उचलून ठेवणार कशावर?"

"परसात विटा हायेत की. दोन थप्प्या लावतो."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. दोन बोटे अर्धीच होती.

"मी नवा होतो तेव्हाची गोष्ट," मामा म्हणाले. "वाटेत एक गाडी बंद पडली होती. नुसत्या जॅकवर उचलली अन् हात घातला खाली. म्हटलं, दोन मिनिटांचं काम. जॅक घसरला. त्या दिवशी बोटांवर निभावलं. छाती खाली असती, तर आज तुला मामा नसता."

भाचा खाली बसला. म्हणाला, "मामा, आता तुम्हीच सांगा. काय घेऊ?"

क्लच म्हणजे काय?

इंजिन फिरते. त्याचे फिरणे गिअरबॉक्समार्फत चाकांना मिळते. या दोघांच्या मध्ये क्लच असतो. दोन्ही तळहातांमध्ये एक ताटली घट्ट दाबून धरा. हात फिरवले की ताटलीही फिरते. हात सैल केले की ताटली सुटते. क्लचचे काम असेच चालते. पॅडल दाबले की प्लेट मोकळी होते. पॅडल सोडले की प्लेट दाबली जाते. प्लेट झिजली की ती घसरते. मग इंजिन फिरते, पण गाडी ओढत नाही.

मामा म्हणाले, "पैसा खर्च करण्याआधी पॅडल बघ. या गाडीत पॅडलपासून क्लचपर्यंत तारेची केबल असते. पॅडल सुरुवातीला थोडं मोकळं हललं पाहिजे. केबल फार ताणलेली असली, तरी क्लच घसरतो. तेवढं नीट करायला एक पाना पुरतो."

भाच्याने पाहिले. केबल ठीक होती. म्हणजे प्लेटच झिजली होती.

पहिली खरेदी: आधार

गाडीचे वजन सुमारे साडेसहाशे किलो असते. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. म्हणून दोन लोखंडी स्टँड घ्यावे. किती वजन पेलते, हे स्टँडवर लिहिलेले असते. आता आपल्याला वाचता येते. ते वाचूनच घ्यावे. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे वापरू नयेत. ते न सांगता फुटतात.

जमीन सपाट व टणक हवी. मऊ मातीत स्टँडचे पाय रुततात. मागच्या चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावे. हँडब्रेक ओढावा. गाडी स्टँडवर ठेवली की बाहेर उभे राहून तिला हलवून पाहावे. ती डगमगली नाही, तरच खाली जावे.

गिअरबॉक्स काढला की इंजिनाचा एका बाजूचा आधार जातो. म्हणून इंजिनाखाली लाकडी फळी देऊन दुसरा जॅक लावावा. गिअरबॉक्स जड असतो. तो एकट्याने छातीवर घेऊ नये. दुसरा माणूस हवाच.

दुसरी खरेदी: पाने

या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट 10, 12, 14 आणि 17 मिलिमीटरचे असतात. तेवढ्या मापांचे रिंग पाने व बॉक्स पाने घ्यावे. बॉक्स पान्याला लांब दांडी जोडता आली पाहिजे, कारण काही बोल्ट खोल आत असतात.

"स्क्रू पाना हाय की घरात. कुठल्याही मापाला बसतो," भाचा म्हणाला.

"बसतो, पण घसरतोही," मामा म्हणाले. "रिंग पाना नटाचे सगळे कोपरे धरतो. स्क्रू पाना दोनच बाजू धरतो. एकदा नट गोल झाला, की दिवस वाया गेला."

तिसरी वस्तू: मध्य साधायची दांडी

ही वस्तू पुष्कळ लोक विसरतात. गिअरबॉक्सची दांडी प्लेटच्या मधल्या भोकातून जाते. प्लेट बरोबर मध्यावर बसली नाही, तर दांडी आत जात नाही. मग लोक बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतात, आणि मोडतोड होते. मध्य साधायची दांडी बाजारात मिळते. सुतारही मापाने लाकडाची कातून देऊ शकतो.

मागून आणायच्या वस्तू

चाकांचा मोठा जॅक आणि टॉर्क पाना रोज लागत नाहीत. ते ओळखीच्या गॅरेजातून मागून किंवा भाड्याने आणावे. बोल्ट किती घट्ट झाला, हे टॉर्क पाना सांगतो. किती घट्ट हवा, ते गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेले असते. क्लचचे बोल्ट समोरासमोरचे घेत, थोडे थोडे आवळावे.

ही काळजी घ्या

काम सुरू करण्याआधी बॅटरीची तार काढावी. गिअरबॉक्सचे तेल घमेल्यात धरावे, नाल्यात सोडू नये. जुन्या क्लचमधली काळी धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ते फुफ्फुसाला घातक आहे. धूळ ओल्या फडक्याने पुसावी. नव्या प्लेटला तेलकट हात लावू नये. प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग हे तिन्ही एकदमच बदलावे.

भाच्याने चकाकती पेटी घेतली नाही. त्याने दोन स्टँड, मोजके पाने आणि दांडी घेतली. बाकीचे मागून आणले. दोघे सकाळीच कामाला लागले.

दुपारी भाचा गाडीखाली होता. पुढच्या जॅकमधून तेल गळू लागले. जॅक हळूहळू खाली बसला. पण गाडी स्टँडवर होती. ती जागची हलली नाही. भाचा बाहेर आला. त्याने एकदा जॅककडे पाहिले, एकदा स्टँडकडे.

आई ओट्यावरून सारे पाहत होती. ती मामांना म्हणाली, "दादा, त्या लोखंडाला हळदकुंकू लावू का?"

मामा हसले. "दसऱ्याला लाव, बाई. आता आधी चहा टाक."

संध्याकाळी गाडी चढ चढून गेली.

वाचकहो, टणक जागा, स्टँड आणि सोबती यांतले एक जरी नसले, तर गाडी सरळ गॅरेजात न्यावी. त्यात कमीपणा नाही. वाचलेली मजुरी पुन्हा खर्च होते. गेलेला हात परत येत नाही.

विचार करा व सांगा

1. जॅक आणि स्टँड यांच्या कामात फरक काय?
2. क्लच घसरत असेल, तर आधी काय पाहावे?
3. स्क्रू पान्यापेक्षा रिंग पाना बरा का?
4. तुमच्या घरात कोणते काम आधाराशिवाय केले जाते? तेथे काय आधार द्याल?