इथ्रोचा सल्ला : अभियंत्यांच्या वरिष्ठांसाठी एक अभ्यास

शास्त्रपाठ : निर्गम 18:1–27, स्तोत्र 1, 1 तीमथ्य 4:8



चंडीगडहून अंबाल्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, पंजाबच्या हद्दीत, डेराबस्सी लागते. औषधे व रसायने यांच्या कारखान्यांनी त्या गावाचे रूप पालटले आहे. आपल्या मंडळ्यांतील तरुण अभियंते अशा औद्योगिक गावांत नोकरीस जातात. काही वर्षांनी बढती मिळते, आणि जो यंत्रे सांभाळीत होता तो माणसे सांभाळू लागतो. खरी अडचण येथे सुरू होते. यंत्राचे ज्ञान महाविद्यालयात मिळालेले असते. पण आपल्याइतक्याच हुशार पंधरावीस जणांचे पुढारीपण कसे करावे, हे कोणी शिकवलेले नसते. मग तो सर्व कामे स्वतःकडे ओढून घेतो. मध्यरात्री फोन आला तरी तोच धावतो. उपासना चुकते, रक्तदाब वाढतो, मुले बापाला रविवारी दुपारी पाहतात, तीही झोपलेला. या सर्वाला तो निष्ठा म्हणतो, आणि पुष्कळदा आपण मंडळीतले लोकही त्याला तेच म्हणतो.

मोशेची गोष्ट याहून वेगळी नव्हती. अठराव्या अध्यायाच्या आरंभी इथ्रो रानात येतो तो एकटा नव्हे. मोशेची पत्नी सिप्पोरा व दोन्ही मुलगे त्याच्याबरोबर आहेत. मोशेने तिला माहेरी पाठवले होते. का पाठवले ते शास्त्रलेखक सांगत नाही. पण ज्याच्या हातून राष्ट्राची सुटका झाली त्याची बायकामुले सासऱ्याने पोचती करावी लागली, हे आपण सहसा वाचून पुढे जातो. दुसऱ्या दिवशी तोच सासरा पाहतो की, जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करीत बसला आहे आणि लोक रांगेत ताटकळत उभे आहेत.

इथ्रोचा निर्णय दोन शब्दांचा आहे : चांगले नाही. भाषांतर करताना येथे थांबावे लागते, कारण हेच इब्री शब्द उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याच्या एकटेपणाविषयी आले आहेत. आणि येथेही इथ्रोची तक्रार हीच आहे की, मोशे एकटा बसला आहे. मग तो एक क्रियापद वापरतो. आपण त्याचे भाषांतर ‘थकणे’ किंवा ‘झिजणे’ असे करू, आणि ते चूक नाही. पण मूळ धातू ‘नाबेल’ पानाफुलांचा आहे. त्याचा अर्थ कोमेजणे. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातील फूल याच धातूने कोमेजते. आणि कोण कोमेजेल? केवळ मोशे नव्हे, त्याच्याबरोबरचे लोकसुद्धा. जो वरिष्ठ सर्व निर्णय स्वतः घेतो, तो आपल्या हाताखालच्यांना वाचवतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ते दाराबाहेर वाट पाहत वाळत असतात.

आता पहिले स्तोत्र उघडा. त्याचा पहिला शब्द ‘अश्रे’ आहे. आपण तो ‘धन्य’ असा वाचतो, परंतु त्यात साध्या माणसाचे साधे सुखही आहे. त्या सुखी माणसाचे चित्र कोणते? पाण्याच्या प्रवाहांजवळचे झाड, ज्याचे पान कोमेजत नाही. धातू तोच : ‘नाबेल’. सुखाचा आणि नेतृत्वाचा प्रश्न मूळ भाषेत असा एकाच पानावर येऊन बसतो. मराठीत हा दुवा कसा राखावा याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. एक मात्र ध्यानात घ्या. हे झाड वर्षभर फळ देत नाही. ते आपल्या हंगामी देते.

डेराबस्सीच्या अभियंत्याला वैद्य चालण्याचा व्यायाम सांगतात, तेव्हा सुट्टीच्या सकाळी तो चंडीगडच्या सुखना तलावाच्या बांधावर जाऊ शकतो. तेथे नित्य चालणाऱ्यांची गर्दी असते. 1958 साली एका ओढ्याला बांध घालून हा तलाव केला. पुढे काही वर्षांतच शिवालिकच्या टेकड्यांवरील माती वाहून येऊन तो गाळाने भरू लागला. पाण्याची पातळी पूर्ण दिसे, खोली मात्र गेलेली असे. गाळ काढणे हा एक उपाय होता. पण मृदसंधारण संस्थेच्या चंडीगड केंद्राचे पी. आर. मिश्रा व त्यांचे सहकारी माती येते कोठून हे शोधत वर गेले, ते सुखोमाजरी या गावी पोचले. गुरेशेळ्यांच्या चराईने टेकड्या उघड्या पडल्या होत्या. 1970च्या दशकात तेथे मातीचे लहान बंधारे झाले. बंदीचा हुकूम ग्रामस्थांवर लादता आला असता. त्याऐवजी बंधाऱ्याच्या पाण्यात प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा, सारखा वाटा मिळाला, आणि टेकडीची राखण गावाने आपण होऊन पत्करली. राळेगणसिद्धीबरोबर ज्या गावाचे नाव आपण ऐकतो ते हेच. इथ्रोने हजारांचे, शेकड्यांचे, पन्नासांचे व दहांचे नायक नेमण्यास सांगितले, त्यात हीच रीत आहे : काम वाटायचे ते अधिकारासह. काम देऊन प्रत्येक सहीसाठी परत बोलावणे म्हणजे वाटणे नव्हे. निवासमंडपाच्या कामातही, निर्गम 35:34 प्रमाणे, देवाने बसालेल व अहलियाब यांना कौशल्याबरोबर दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धी दिली होती.

व्यायामाविषयी कोणी 1 तीमथ्य 4:8 पुढे करून म्हणतात की, पौलाने शरीराची कसरत कमी लेखली. पौल तिचा उपयोग थोडा म्हणतो, व्यर्थ म्हणत नाही. आणि ज्या ग्रीक शब्दांचा आपण ‘थोडा’ असा अर्थ करतो त्यांचा ‘थोड्या काळापुरता’ असाही अर्थ होऊ शकतो, कारण पुढेच आताचे जीवन व येणारे जीवन यांचा उल्लेख आहे. शिवाय पुढल्याच अध्यायात हाच पौल तीमथ्याच्या पोटदुखीची चौकशी करून उपचार सुचवतो. देहाचा तिरस्कार करणारा असे पत्र लिहीत नाही.

आता पुन्हा इथ्रोकडे. जावई भेटताच दोघांनी एकमेकांची खुशाली विचारली, असे सातव्या वचनात आहे. तेथे मूळ शब्द ‘शालोम’ आहे. सल्ला संपताना, तेविसाव्या वचनात, तोच शब्द पुन्हा येतो. मोशेने हे ऐकले तर त्याला टिकाव धरता येईल, आणि हे सर्व लोक आपापल्या ठिकाणी शालोमने जातील. मराठीत आपण तेथे ‘शांतीने’ म्हणतो. पण दिवसभर रांगेत उभा राहिलेला माणूस संध्याकाळ होण्यापूर्वी, निकाल हातात घेऊन, खुशाल घरी जातो, असा त्याचा अगदी रोजचा अर्थ आहे. सिप्पोरा तेव्हा छावणीतच होती.