सिंथेसायझरची घुमघुम

प्रश्न : अॅनालॉग सिंथेसायझर अॅम्प्लिफायरला जोडताच स्पीकर घुमू लागतो. उपाय काय? (एक वाचक, घाटकोपर)

उत्तर : भारतातील वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने ही घुमघुम बहुधा 50 किंवा 100 हर्ट्झची असते आणि तिचे नेहमीचे कारण म्हणजे भूवलय, अर्थात दोन्ही उपकरणांचे अर्थिंग भिंतीतील वेगवेगळ्या सॉकेटांतून आणि शिवाय केबलच्या जाळीतूनही जुळल्याने तयार होणारे बंद वर्तुळ, ज्यातील क्षीण प्रवाह ध्वनिसंकेतात मिसळतो. केबल अॅम्प्लिफायरमधून काढल्यावरही आवाज टिकला, तर दोष अॅम्प्लिफायरचाच असतो. आवाज थांबला, तर दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावावीत. तेवढ्याने न भागल्यास मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स बसवावा, कारण त्यात संकेत चुंबकीय क्षेत्रातून पुढे जातो आणि तारांचा थेट संबंध तुटतो. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. मुंबईच्या पावसाळी दमटपणात तर ते जिवावर बेतू शकते.

वादक चरणजित सिंग यांनी 1982 च्या ध्वनिमुद्रिकेत ज्यावर राग वाजवले, त्या रोलँड ज्युपिटर-8 सारख्या सिंथेसायझरांच्या जपानी बाजारपेठेसाठीच्या आवृत्त्या 100 व्होल्टवर चालतात. त्यांना लागणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर ध्वनीच्या केबलपासून दूर ठेवावा, नाहीतर त्याच्यामुळेही घुमघुम येऊ शकते.