सॅकमध्ये मावणारी होडी

पॅकराफ्ट ही हवा भरून वापरायची, घडी करून सॅकमध्ये मावणारी, बहुधा एका माणसाची होडी. पाण्याने वाट अडवली की ती फुगवायची, पलीकडचा काठ गाठायचा आणि हवा सोडून पुन्हा पाठीवर घ्यायची. ब्रिटिश नौदलातील पीटर हॅल्केट याने 1840च्या दशकातच अंगरख्यासारखी पांघरता येणारी रबरी होडी तयार केली होती. आजचे रूप मात्र अलास्कातले. तिथे शेरी टिंगे यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘अल्पाका राफ्ट’ हा उद्योग सुरू केला, तेव्हापासून हा प्रकार जगभरच्या भटक्यांमध्ये रुळला.

हिंगोली जिल्ह्यात तिचा खरा उपयोग जलाशयांवर आहे. कयाधू नदी उन्हाळ्यात आटते आणि पुरात अंगावर येते. दोन्ही वेळी अशी होडी कामाची नाही. पूर्णेवरचे सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरचे इसापूर या धरणांचे पाणी मात्र नाल्यानाल्यांतून आत शिरलेले असते. समोर दिसणाऱ्या काठावर पायी पोचायला मोठा वळसा पडतो.

होडीचे कापड दोन प्रकारचे असते. पीव्हीसीचे स्वस्त, जड आणि घडीला ताठ. नायलॉनवर टीपीयूचा थर दिलेले कापड हलके, पण महाग. कापडाच्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात. 9,000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. फुगणाऱ्या नळ्यांचे आणि तळाचे डेनियर वेगवेगळे असते. विक्रेता एकच आकडा सांगत असेल, तर तो कशाचा हे विचारून घ्यावे. जाड तळाचा आकडा सांगून पातळ नळ्या खपवल्या जातात.

सर्वांत जास्त फसवणूक वजनात होते. छापलेले वजन बहुधा नुसत्या होडीचे असते. त्यात वल्हे नसते, बैठक नसते, हवा भरायची पिशवी नसते. जीवरक्षक जाकिटाचा तर विचारच नसतो. प्रस्तुत लेखकाने मागवलेल्या होडीच्या खोक्यावर 2.4 किलो छापलेले होते. वसमतला हळदीच्या आडतीवर, पोती उतरून मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती ठेवली. नुसती होडी 3.1 भरली. वल्हे, बैठक, पिशवी, दुरुस्तीचे सामान आणि जाकीट चढवल्यावर आकडा 5.6 वर थांबला. हमाल, आडत्या, सगळे काट्याकडे बघत होते, आणि खोक्यावरचा छापील आकडा शेजारीच होता. काट्याचा फोटो पाठवल्यावर विक्रेत्याचे उत्तर आले, “वजन अंदाजे असतं, साहेब.” जी वस्तू वजनाच्याच नावावर विकली जाते, तिचे वजन सातशे ग्रॅमने चुकत असेल तर तो अंदाज नव्हे, ती खोटी माहिती आहे.

मापाचेही तेच. जाहिरातीत बाहेरची लांबी देतात, पाय मात्र आतल्या लांबीत मावायला हवेत. काही ठिकाणी तर हवा न भरता जमिनीवर पसरलेल्या होडीचे माप छापतात. फुगल्यावर ती आखडते. म्हणून हवा भरलेल्या अवस्थेतली आतली लांबी लेखी मागावी आणि बूट घालून बसायचे हे गृहीत धरावे. भारक्षमता पाहताना स्वतःच्या वजनात सॅक मिळवावी.

या भागात होडीचा पहिला शत्रू काटा. जलाशयाच्या काठाने बाभूळ आणि वेडी बाभूळ माजलेली असते, आणि पाणी उतरले की गाळात रुतलेले जुने काटे वर येतात. बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली हातभरावर असतात. मराठवाड्यातल्या तलावांवर मासेमार थर्माकोलचे तराफे वापरतात. काटा घुसला तरी तराफा तरंगतो, हवेची होडी बसते. जाळी कुठे लावली आहेत आणि खुंट कुठे आहेत हे त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. एकाऐवजी दोन स्वतंत्र हवाकप्पे असलेली होडी थोडी जड पडते, तरी इथे तीच घ्यावी.

दुसरा शत्रू ऊन. बंद हवेचे तापमान 30 वरून 60 अंशांवर गेले, तर तिचा एकूण दाब सुमारे 10 टक्क्यांनी वाढतो. हे ऐकायला किरकोळ वाटते. पण होडीत भरलेला जादा दाब मुळातच वातावरणाच्या दाबाच्या 10 टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे कापड ताणले गेले नाही असे धरले, तर सांध्यावरचा ताण जवळपास दुप्पट होतो. होडी काठावर ओढली की थोडी हवा सोडावी, पाण्यात टाकल्यावर पुन्हा भरावी. ही सूचना खोक्यावर नव्हती, वॉरंटीच्या कागदावरही नव्हती. सिद्धेश्वरच्या काठावर भर दुपारी नळीचा सांधा उसवला, तेव्हा मात्र त्याच विक्रेत्याने ऊन हेच कारण पुढे करून वॉरंटी नाकारली. जे आधी सांगितले नाही त्याचा दोष नंतर ग्राहकावर टाकण्याचा त्याला काहीही अधिकार नव्हता.

वाऱ्याचा धोका लोक विसरतात. हलकी होडी रुंद पाण्यावर वाऱ्याबरोबर वाहत जाते आणि वल्हे कमी पडते. दुपारनंतर वारा उठतो, म्हणून पलीकडे जायचे ते सकाळीच. सिद्धेश्वरच्या वरच्या अंगाला येलदरी धरण आहे; तिथून वीजनिर्मितीचे पाणी सुटते, त्यामुळे दोन्ही धरणांमधल्या पात्रात विचारपूस न करता जाऊ नये. जाकीट कायम अंगात असावे, एकट्याने जाऊ नये. जलाशयात उतरण्याआधी जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी करावी. इसापूरला पक्षी अभयारण्य असल्याने वन विभागाकडेही.

खोके उघडताना चित्रीकरण करावे, पहिल्याच दिवशी वजन करावे, आणि रात्रभर हवा भरून सावलीत ठेवून गळती पाहावी. विक्रेत्याशी बोलणे फोनवर नको, लेखी हवे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. विक्रेता मुंबईत किंवा दिल्लीत असला तरी हेलपाटा पडत नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक कागदपत्रांना जोडावा.